वरून सोनेरी, आतून किती अंश?

शनिवारी संध्याकाळी बोरिवली किंवा मुलुंडमधल्या एखाद्या सोसायटीचा जिना चढताना कोणाच्या घरी काय शिजते आहे, हे वासावरून कळते. पहिल्या मजल्यावर भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा वास असतो, दुसऱ्यावर तळलेल्या बोंबलांचा. अलीकडे त्यात आणखी एका वासाची भर पडली आहे. लोणी, चीज आणि खरपूस झालेला पावाचा चुरा. ओट्याच्या कोपऱ्यात किंवा फ्रिजच्या शेजारी जागा करून ठेवलेल्या छोट्या ओव्हनमध्ये चिकन कॅसरोल होत असते. मुलांना ते तिखट नसल्यामुळे आवडते, आजी-आजोबांना चावायला सोपे जाते आणि करणाऱ्याला एकदा भांडे आत सरकवले की तासभर मोकळीक मिळते. पावसाळ्यात तर बाहेर धो धो पाऊस आणि ताटात वाफाळते कॅसरोल, यासारखे सुख नाही.

मराठी घरात ‘कॅसरोल’ म्हटले, की आधी डोळ्यांसमोर येतो तो पोळ्या गरम ठेवायचा दुहेरी भिंतीचा डबा. पदार्थाचे नाव आणि डब्याचे नाव एकच, कारण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच भांडे असा आहे. खोलगट भांड्यात चिकन, भाज्या आणि सॉस एकत्र करून ते ओव्हनमध्ये भाजायचे आणि त्याच भांड्यातून वाढायचे, म्हणून पदार्थालाही भांड्याचेच नाव मिळाले. या दोन्ही कॅसरोलमागचे विज्ञानही एकच आहे. उष्णता आत शिरायला किती वेळ लागतो आणि आतली उष्णता बाहेर पडायला किती वेळ लागतो, हा तो प्रश्न. घरच्यांचे पोट बिघडणार की नाही, हे बरेचसे त्याच्या उत्तरावर ठरते.

रश्श्याला थर्मामीटर का लागत नव्हता?

कोंबडीचा रस्सा पिढ्यान् पिढ्या केवळ अंदाजाने होत आला आहे. त्यात फारसे कोणी आजारी पडले नाही, याचे कारण पद्धतीतच आहे. रस्सा खळखळून उकळतो, तेव्हा पातेल्यातले तापमान सगळीकडे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पळीने ढवळले की प्रत्येक फोड त्या उकळत्या रश्श्यातून फिरते. कुकरमध्ये तर दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. उकळी डोळ्यांना दिसते, शिट्टी कानांना ऐकू येते. शिजल्याची खूण मिळवायला वेगळे काही करावे लागत नाही.

कॅसरोलमध्ये यातले काहीच नसते. ओव्हनच्या गोल बटणावर १८० हा आकडा असतो, पण तो आतल्या हवेच्या तापमानाचा आहे, चिकनच्या नव्हे. हवा ही उष्णतेची मंद वाहक. म्हणूनच १८० अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर केवळ झळ लागते, पण १०० अंशांच्या पाण्यात बोट घातले तर लगेच भाजते. पदार्थ ढवळला जात नसल्यामुळे उष्णतेला भांड्याच्या कडेकडून मध्याकडे हळूहळू सरकावे लागते. त्यात जाडीचा हिशोब अवघड आहे. थराची जाडी दुप्पट केली, तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. पाहुणे वाढले म्हणून त्याच भांड्यात दुप्पट मिश्रण भरले आणि वेळ दहा मिनिटांनीच वाढवला, तर मधला भाग कच्चा राहण्याची शक्यता असते, ती यामुळे.

सोनेरी रंग कशाची खूण?

कॅसरोलवरचा सोनेरी थर पाहून बहुतेक जण ‘झाले’ म्हणतात. हा रंग म्हणजे प्रथिने आणि शर्करा यांच्यातली एक रासायनिक प्रक्रिया आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२मध्ये तिचे वर्णन केले. पावाची कड, भाजलेले खोबरे, कॉफीच्या बिया या सगळ्यांचा रंग आणि वास तिच्यामुळेच येतो. ती वेगाने व्हायला साधारण १४० अंशांच्या पुढचे तापमान लागते. जिथे पाणी आहे, तिथे तापमान १०० अंशांवर जात नाही, म्हणून सॉसच्या आत हा रंग कधीच येत नाही. वरचा पृष्ठभाग सुकला, की तिथे तो येतो. चीज आणि दुधात प्रथिने व शर्करा दोन्ही असल्यामुळे तर तो फारच लवकर येतो.

याचा अर्थ, सोनेरी रंग फक्त वरच्या काही मिलिमीटरबद्दल सांगतो. दोन इंच खाली काय चालले आहे, याची त्याला कल्पना नसते. वरची सळई जास्त तापणारा ओव्हन असेल तर वीस मिनिटांतही वरचा भाग झकास दिसतो आणि मधले चिकन जेमतेम ५५-६० अंशांवर असते.

चिकनचा स्वतःचा रंगही तितकाच फसवा आहे. पांढरे झाले म्हणजे शिजले आणि गुलाबी म्हणजे कच्चे, हा समज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. आजच्या ब्रॉयलर कोंबड्या अवघ्या पाच-सहा आठवड्यांत विक्रीला तयार होतात. त्यांची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, त्यामुळे शिजताना हाडांमधल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेले मांसही हाडाजवळ गुलाबी दिसते. उलट, मांस पांढरे दिसू लागते ते सुरक्षित तापमानाच्या बरेच आधी. म्हणूनच खात्रीची खूण एकच, सर्वांत जाड भागाच्या मध्याचे तापमान.

नवापूर आणि पुण्याने शिकवलेला धडा

हे तापमान किती असावे, याची चर्चा महाराष्ट्राने दोनदा जवळून ऐकली आहे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. भारतातला तो पहिला उद्रेक. चिकनची विक्री कोसळली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा होता. मांसाच्या प्रत्येक भागाचे तापमान ७० अंशांपर्यंत गेले, तर विषाणू टिकत नाही.

दुसरा प्रसंग जानेवारी २०२५चा. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण झपाट्याने वाढले. राज्यातली संख्या दोनशेच्या वर गेली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. हातापायांतली ताकद जाते आणि काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. त्या साथीत मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण या जिवाणूचे नेहमीचे वास्तव्य कोंबड्यांच्या आतड्यात असते. त्यामुळे पाणी उकळून प्या, या सल्ल्याबरोबरच अर्धवट शिजलेले मांस टाळा, असाही सल्ला दिला गेला.

या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातील काही रेणू माणसाच्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग नसांनाच शत्रू समजतात. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजार जणांपैकी एकालाच जीबीएस होतो. बाकीच्यांना जुलाब, ताप आणि पोटात मुरडा येऊन आठवडाभरात बरे वाटते. प्रमाण कमी असले, तरी परिणाम इतका गंभीर आहे, की जो धोका दहा मिनिटे जास्त शिजवून टळतो, तो घेण्यात अर्थ नाही.

जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या दोघांच्या हिशोबाने. साल्मोनेला ६० अंशांवर मरायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागू शकतो, ६५ अंशांवर काही मिनिटे पुरतात आणि ७४ अंशांवर क्षणभर पुरेसे असते. घरात घड्याळ लावून हा हिशोब कोणी करणार नाही. म्हणून ७४-७५ हा एकच आकडा लक्षात ठेवणे सोपे.

त्यासाठी सुईसारखे टोक असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो बरोबर दाखवतो की नाही, हे मुंबईत तपासणे फार सोपे आहे. शहर समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांवर उकळते. खळखळत्या पाण्यात टोक बुडवावे आणि आकडा पाहावा. महाबळेश्वरला हीच चाचणी केली, तर उंचीमुळे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळेल. थर्मामीटर नसेल, तर मधली सर्वांत मोठी फोड बाहेर काढून कापावी. आत चकचकीत, ओलसर कच्चेपणा नसावा, तंतू सुटे व्हावेत, बाहेर येणारा रस स्वच्छ असावा आणि कडेइतकाच मध्यातला सॉसही बुडबुडत असावा.

आधी सिंककडे लक्ष

अंधेरी-घाटकोपरच्या चिकन सेंटरमध्ये समोर कापून दिलेली कोंबडी ताजी असते. पण ताजी म्हणजे निर्जंतुक नव्हे. पोट साफ करताना आतड्यातले जंतू मांसाला लागू शकतात आणि एकाच ओंडक्यावर, एकाच सुऱ्याने दिवसभर काम चाललेले असते. घरी आणल्यावर पहिली सवय म्हणजे नळाखाली खळखळून धुणे. नेमके इथेच जंतू पसरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये धुतल्यानंतर जंतू आढळले. सिंक साफ केल्यावरही १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये ते उरले होते. २६ टक्क्यांच्या बाबतीत तर ते शेजारी केलेल्या सॅलडपर्यंत पोहोचले होते.

न धुता चिकन शिजवायचे, ही कल्पना आपल्याकडच्या अनेक घरांना रुचणारी नाही. रक्त आणि हाडांचा चुरा काढायचाच असेल, तर नळाची धार टाळावी. खोल भांड्यात पाणी घेऊन त्यात फोडी हलक्या हाताने बुडवून काढाव्यात, पाणी सावकाश ओतावे आणि मग सिंक, नळाची मूठ व ओटा साबणाने घासून घ्यावा. कोशिंबिरीची काकडी त्याच पाटावर चिरू नये. हळद, मीठ आणि दही लावून ठेवल्याने चव येते, मांस मऊ होते. पण जंतू मारण्याचे काम शेवटी उष्णतेलाच करावे लागते. फ्रीझरमधले चिकन असेल तर ते ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी भाजीवर गळत नाही.

चार जणांसाठी

अर्धा किलो बोनलेस चिकन, शक्यतो मांडीचे, इंचभर तुकड्यांत कापावे. मांडीच्या मांसात चरबी आणि संयोजी ऊती जास्त असल्यामुळे ते ७५ अंशांच्या पुढे गेले तरी कोरडे पडत नाही. छातीचे मांस मात्र जास्त शिजले की चिवट होते. तुकड्यांना मीठ, मिरपूड आणि आले-लसूण लावून थोड्या तेलात पाच-सहा मिनिटे परतावे. गाजर, फरसबी, मटार वाफवून घ्यावेत. बटाटे घालायचे तर अर्धवट उकडून, कारण कच्चा बटाटा चिकनपेक्षा उशिरा शिजतो.

व्हाइट सॉससाठी दोन टेबलस्पून लोण्यात तितकाच मैदा मंद आचेवर, रंग न बदलता परतावा आणि त्यात ४०० मिलिलिटर दूध थोडे थोडे घालत ढवळावे. मैद्यातल्या स्टार्चचे कण ६० अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगू लागतात आणि उकळीच्या जवळ आल्यावर सॉस खऱ्या अर्थाने दाट होतो. त्याआधीच गॅस बंद केला, तर पिठाची कच्ची चव राहते. लोण्यात आधी परतल्यामुळे प्रत्येक कणाभोवती स्निग्धाचा थर बसतो आणि गुठळ्या होत नाहीत. शेवटी किंचित जायफळ.

आता सगळे एकत्र करून पसरट भांड्यात भरावे. थर दीड इंचापेक्षा जाड नको. मिश्रण जास्त असेल तर दोन भांडी करावीत. ओव्हन १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे आधी तापवून ठेवावा. भांड्यावर फॉइल लावून २५ ते ३० मिनिटे भाजावे, मग फॉइल काढून वर कालच्या लादीपावाचा चुरा आणि ५० ग्रॅम किसलेले चीज पसरून आणखी दहा मिनिटे. फॉइलमुळे आत वाफ कोंडली जाते आणि आतून शिजण्याआधी वरून रंग धरत नाही. रंग येण्याचे आणि शिजण्याचे काम असे वेगळे केले, की फसगत टळते. काचेचे भांडे फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, अचानक तापमान बदलल्याने ते तडकू शकते.

पोषणाच्या दृष्टीने हा पदार्थ वाटतो तितका बदनाम नाही. एका वाढपात चिकनमधूनच साधारण २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीची दिवसाची निम्मी गरज इथे भागते. लक्ष ठेवायचे ते मिठाकडे. खारे लोणी, चीज आणि तयार स्टॉक क्यूब या तिन्हींत मीठ असते आणि दिवसाची मर्यादा सगळे मिळून पाच ग्रॅमची आहे. म्हणून सॉसमध्ये मीठ शेवटी, चव घेऊनच घालावे. निम्मे चिकन आणि निम्म्या भाज्या ठेवल्या, तर ताट अधिक संतुलित होते.

मागे ठेवलेला वाटा

उपनगरातल्या घरात सगळे एका वेळी जेवायला बसतीलच असे नाही. कोणाची शिफ्ट उशिरा सुटते, कोणाची लोकल पावसात अडकते. नऊ वाजता बाकीचे जेवतात आणि येणाऱ्याचा वाटा झाकून ठेवला जातो. ओट्यावर, बंद ओव्हनमध्ये किंवा ‘गरम राहावे’ म्हणून पोळ्यांच्या त्या कॅसरोलमध्ये. त्यामागे काळजीच असते. पण आजारी पडण्याचा धोका सर्वांत जास्त याच वाट्याला असतो.

कारण नीट शिजवूनही सगळेच जंतू मरत नाहीत. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स’ या जिवाणूची बीजाणू-अवस्था उकळीलाही पुरून उरते. त्याला प्राणवायू नको असतो आणि दाट सॉसमध्ये, शिजून हवा निघून गेलेल्या जागी, त्याची सोय होते. पदार्थ निवत ५० अंशांच्या खाली आला, की बीजाणू जागे होतात. ४३ ते ४५ अंशांच्या सुमारास परिस्थिती अनुकूल असेल, तर त्यांची संख्या दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. हा वेग तीन तास टिकला, तर एका जिवाणूचे अडीच लाखांहून अधिक होतात. असे अन्न खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. तरुण माणूस एका दिवसात सावरतो. वृद्ध, लहान मुले आणि आधीच आजारी असलेल्यांना शरीरातले पाणी कमी होऊन त्रास वाढू शकतो.

जाड थर उशिरा तापतो, तसाच उशिरा निवतो. खोल भांड्यातला मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पोळ्यांचा डबा तर हेच काम करण्यासाठी बनवलेला आहे. तो अन्न तापवत नाही, फक्त निवण्याचा वेग कमी करतो. पोळी कोरडी असल्यामुळे तिला ते चालते. ओलसर, प्रथिनयुक्त चिकन मात्र ६० अंशांखाली येऊन त्याच कोमट पट्ट्यात अडकून पडते.

नियम म्हणून अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असावे. मधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या पुढे असेल, तर एकच तास. मुंबईत मे महिन्यात गॅस चालू असलेले स्वयंपाकघर ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून पानं वाढताना, सगळे बसण्याआधीच, उशिरा येणाऱ्याचा वाटा वेगळा काढावा. तो पसरट डब्यात एक-दीड इंचाच्या थरात ठेवावा, डबा परातीतल्या थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून निववावा आणि मग फ्रिजमध्ये टाकावा. किंचित कोमट डबा ठेवल्याने फ्रिज बिघडत नाही. बाहेर तासन् तास ठेवल्याने अन्न मात्र बिघडते.

खाताना पुन्हा आतपर्यंत ७५ अंशांना तापवायचे. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग उकळतो आणि काही गारच राहतो, म्हणून दोन चमचे दूध घालून, झाकून, मध्येच एकदा ढवळून पुन्हा तापवावे आणि मिनिटभर तसेच राहू द्यावे. एकदाच तापवावे, तेही लागेल तेवढेच. उरलेले कॅसरोल फ्रिजमध्ये तीन दिवसांच्या आत संपवावे. रात्रभर ओट्यावर राहिलेले तापवून वाचत नाही. काही जिवाणूंची विषे उष्णतेनेही नष्ट होत नाहीत, विशेषतः पास्ता किंवा भात घातला असेल तेव्हा. वास चांगला येतो म्हणून खावे, हा निकषही इथे लागू पडत नाही, कारण आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असे नाही.

रात्री साडेदहाला दाराची बेल वाजते. भिजलेली छत्री कोपऱ्यात उभी राहते. फ्रिजमधला डबा बाहेर येतो, तापतो, ढवळला जातो, पुन्हा तापतो. या चार मिनिटांत उशिरा आलेल्या माणसाचे हातपाय धुऊन होतात आणि ताटात वाफ असते ती नऊ वाजता जेवलेल्यांच्या ताटात होती तितकीच.